मिठाला पावलेली लक्ष्मी

गुरुवारी दुपारी नवागामच्या पत्र्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम टाकून बाया आल्या होत्या. यंत्रमागावर रातपाळी करून आलेले लूमवाले तांबारल्या डोळ्यांनी उभे होते. साऱ्यांच्या नजरा वजनकाट्याच्या लाल आकड्यांवर. काट्यावर मेणाने तोंड बंद केलेला तांब्याचा कलश होता. आकडा दोन किलो शंभर. मागच्या फळीवर लोकांचे पैसे ठेवलेले तसेच कलश रांगेत.

धनवर्धन महाराजांनी डोळे मिटून ओठ हलवले. आकडा सरकला. दोन किलो दोनशे. दोन किलो तीनशे.

"बघा माय, आत लक्ष्मी बाळंत होतेय," महाराज म्हणाले. "बँक काय देते? व्याज. आई काय देते? वाढ. एकवीस दिवसांत दुप्पट. पथ्य एकच. किती ठेवले ते नवऱ्यालाही सांगायचं नाही. आकडा ओठांबाहेर गेला की वाढ गेली."

मागे उभ्या असलेल्या वंदनाबेनच्या कपाळाची शीर उडत होती. दर गुरुवारी पलीकडच्या खोलीत एका ट्रस्टतर्फे त्या बायांना पैशाचा हिशेब शिकवत. आज तिथे फक्त सतरंजी होती.

एक्याऐंशी साली उधन्याच्या मिलच्या गेटाबाहेर, पगाराच्या दिवशी, बँकेचं टेबल मांडून त्या बसल्या होत्या, तेव्हापासून हेच काम. तेव्हाची माणसं अंगठा उठवून पासबुक घेत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळत आणि पोरापेक्षा जपून घरी नेत. त्यांच्याच सुना-नातवंडांना हा माणूस आता आकडा लपवायला शिकवत होता.

पुढे सरकणाऱ्या रांगेत मनीषा दिसली. पदराखाली पिशवी घट्ट धरलेली.

"मनीषा, भिशी लागली ना तुला? ती घेऊन इथे?"

"बेन, प्रियांकाच्या नर्सिंगची फी साठ हजार. हातात चाळीस. पुढच्या महिन्यात भरली नाही तर पोरीचं नाव काढतील. वरचे वीस कोण देणार, तुमचा हिशेबाचा तक्ता?"

"ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म मी देणार होते. तू दोन गुरुवार आली नाहीस."

"फॉर्मला सहा महिने. इथे एकवीस दिवस. शांताबाईंचे दोनाचे चार झाले ते खोटं?"

पुढच्या रांगेतल्या शांताबाई स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करत वळल्या. "मन्हा डोयाघाई देखं, बेन. करकरीत चार हजार. तुम्ही चाळीस वर्षं शिकवता, कोणाचे दुप्पट केलेत?"

बाया हसल्या. वंदनाबेनना ते लागलं. त्यांनी कलशावरची नजर काढली आणि आजूबाजूला फिरवली. काट्याशेजारी भटू नावाचा चेला उभा होता. महाराजांचे ओठ हलत तेव्हा त्याचा हात झब्ब्याच्या खिशात जाई. हात गेला की आकडा चढे.

बमरोलीत त्यांनी हे पाहिलं होतं, उलट्या बाजूने. चिंधी घेणारा व्यापारी खिशातलं बटण दाबून बायांच्या गाठोड्यांचं वजन उतरवायचा.

त्या बाहेर गेल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाची पुडी घेऊन आल्या आणि सरळ पुढे जाऊन कलश बाजूला करून ती काट्यावर ठेवली. एक किलो बरोबर.

"आईच्या आसनावर मीठ?" महाराज कडाडले. "निर्वंश होईल."

"मला मूलबाळ नाही. दुसरी धमकी शोध."

एवढं बोलून त्यांनी भटूचं मनगट धरलं. तो हिसका देऊ लागला, तसा मागचा लूमवाला हिलाल पुढे आला. भटूच्या खिशातून गाडीच्या किल्लीसारखी डबी निघाली. वंदनाबेननी ती मनीषाच्या हातात दिली. "दाब."

मनीषाने दाबलं. एक किलो दोनशे. पुन्हा दाबलं. एक किलो चारशे.

"मीठही बाळंत होतंय की," वंदनाबेन म्हणाल्या. "सुईण बोलवू का, महाराज?"

कुणीतरी खुसखुसलं. महाराजांनी आवाज मऊ केला. "काटा यंत्र आहे, बिघडतं. शांताबाईंच्या नोटा तर खऱ्या होत्या ना?"

गर्दी पुन्हा डळमळली. वंदनाबेनचा आवाज चढला. "खऱ्या होत्या. कुणाच्या होत्या ते बघू. भिशीत तुम्ही काय करता? आकडा सगळ्यांसमोर सांगता, चिठ्ठी सगळ्यांसमोर काढता. म्हणून तुमची भिशी बुडत नाही. इथे तोंडं का शिवलीत? कुणी किती ठेवले, कधी ठेवले ते सांगा."

 मग हिलाल म्हणाला, "माझे पाच हजार. परवा मंगळवारी ठेवले."

"शांताबाई, तुमचे दुप्पट कधी झाले?"

"कालच, बुधवारी."

हिलालने स्वतःचा कलश उचलला आणि सुरीने मेण खरवडलं. आतून साडीच्या चिंध्या निघाल्या. मग बाकीचे कलश उघडले गेले. चिंध्या, चिंध्या, तळाला एकेक नाणं. महाराज मंडपाच्या मागच्या बाजूला सरकत होते, तिथे चार लूमवाल्यांनी त्यांना खाली बसवलं. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

"आता ऐका," वंदनाबेन म्हणाल्या.  "पैशाला पिल्लं होत नाहीत. बँक व्याज देते, कारण ती तुमचा पैसा कामाला लावते, आणि कुठे लावला ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. काम न करता कुणी दुप्पट दिले, तर ते शेजाऱ्याच्या खिशातून आलेत. हा पहिल्या चौघींना देतो आणि चाळीस जणींचे नेतो. तुम्ही अडाणी नाही. घरात किलोभर डाळ आणली तरी दुकानदाराला चार प्रश्न विचारता. देवाचं नाव आलं की प्रश्न का गिळता? जो सांगतो आकडा बोलू नका, त्याच्यासमोर आकडा मोठ्याने बोला."

मनीषाने पिशवी छातीशी धरली. "बेन, तो फॉर्म अजून भरता येतो?"

"सोमवारपर्यंत. पैसे येईपर्यंत फीला मुदत मागायचं पत्रही लिहू. आत्ता चल."

दोघी निघाल्या, तेवढ्यात शांताबाई उठल्या. त्यांनी कमरेची चंची सोडली, नोटा मोजल्या आणि दोन हजार वेगळे काढले. मग हिलालसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्याकडे बघणं त्यांना जमत नव्हतं.

"भाऊ, हे तुमचे," त्या म्हणाल्या. "उरलेले तीन त्याच्या खिशात असतील. चला, पोलीस यायच्या आत बघू."