बींदणीचा आवाज

मी हुकमचंद. वाटूरला माझं कापडाचं दुकान हाय. चौकात कोणालाही इचारा, हुकमचंद शेठच्या शब्दापुढं जायची कोणाची टाप न्हाई. मी खाकरलो तरी दुकानातले गडी सरळ होतात. घरातबी तसंच. म्हंजे तसंच हाय, असं मी धरून चाललो होतो.

माझी सून चंदनबाई. आमच्या मारवाड्यांत सुनेला बींदणी म्हणतात. बींदणीनं सासऱ्यासमोर ओढणी हनुवटीपर्यंत ओढायची आन तोंडातून शब्द काढायचा न्हाई, ही आमची रीत. सासऱ्यानंबी तिच्याशी थेट बोलायचं न्हाई. मधी कोणीतरी लागतं, आमच्या घरात ते काम साळूबाईचं. भांडी, दळण, झाडलोट करून ती हेबी करायची. मी म्हणणार, "साळूबाई, बींदणीला सांग, पाणी दे." बींदणी तीन हातांवर उभी, तिला ऐकू गेलेलं. तरी साळूबाई सांगणार, मंगच पाणी येणार. चंदनबाईला घरात येऊन सहा वर्षं झालती आन तिचा आवाज कसा हाय, हे मला ठावं न्हवतं.

त्या सहांतली दोन वर्षं तिनं मागच्या खोलीत काढली. माझा बजरंगलाल टायफॉइडनं गेला, तेव्हा ती वीस वर्षांची. इचरजबाईनं, म्हंजे माझ्या बायकोनं, तिला करडी ओढणी दिली आन मागची खोली दिली. सणाला बाहेर यायचं न्हाई, लग्नाकार्यात तोंड दाखवायचं न्हाई. मला दिसत होतं सगळं. मी दुकानात जाऊन बसायचो.

दुकानात कापडाच्या गठड्या मुंबईहून यायच्या. आतून वर्तमानपत्रं लावलेली असायची, मराठी, इंग्रजी, काय काय. ते कागद गायब व्हायला लागले. मी गड्यांवर खेकसलो. मंग एक दिवस साळूबाईनंच हळूच सांगितलं, "शेठ, उगा पोरांना बोलू नका. कागद मी नेते. बींदणीबाई वाचतात. हातानं सुरकुत्या काढून गादीखाली ठेवतात." त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. रद्दी वाचून राह्यली होती माझी सून! तिला मॅट्रिकला बसवलं. जालन्याला तिच्या भावाकडं राहून ती पास झाली, तेबी फर्स्ट क्लासात. मंग तिनं साळूबाईच्या तोंडून सांगितलं, पुढं हैदराबादला शिकायचं हाय, युनिव्हर्सिटीत.

घरात काय गदारोळ झाला, इचारू नका. इचरजबाई तीन दिवस माझ्याशी बोलली न्हाई आन चौथ्या दिवशी एकच गोष्ट बोलली, "एकदा नेऊन बघा. तिथं घेतलं न्हाई, तर पुन्हा ह्या घरात शाळेचं नाव निघणार न्हाई. मागची खोली आन जपाची माळ." मी म्हणलं, बराबर, मंजूर.

तिचा भाऊ रामनिवास तिला घेऊन जाणार होता. निघायच्या आदल्या दिवशी तार आली, त्याला मलेरिया झाला. ॲडमिशनची तारीख परवाच संपत होती. मी म्हणलं, हात्तिच्या, मी जातो की! साळूबाईला सोबत घेतलं आन परतूरहून रेल्वेत बसलो. एवढी अक्कल चालवली, पण एक गोष्ट आमच्या तिघांच्याबी डोक्यात आली न्हाई.

सकाळी काचीगुड्याला उतरलो. टांगा केला. ती युनिव्हर्सिटी बघितली आन मी टांग्यातच उभा राहिलो. दगडी इमारत एवढी मोठी की आमचं अख्खं वाटूर तिच्या वऱ्हांड्यात मावलं असतं. पोरीबी सायकलवर! एक पोरगी दुसरीला तेलुगूत हाका मारून राह्यली होती, दुसरी उर्दूत उत्तर देत होती. आम्हाला आधी हॉस्टेल दाखवलं. दोन लोखंडी खाटा, एक टेबल आन एक खिडकी. दुसऱ्या खाटेवर कोणा पुष्पाची वळकटी पडली होती. चंदनबाई त्या खिडकीपाशी गेली आन गजाला हात लावून उभी राहिली. साळूबाई माझ्याकडं बघून म्हणली, "बींदणीबाईंना खोली आवडली बघा."

"आधी मिळू दे," मी म्हणलं. मला काळजी लागलेली.

अकरा वाजता बड्या मॅडमच्या खोलीत बोलावलं. पिकल्या केसांची बाई, डोळ्यांवर चष्मा. शेजारी हॉस्टेलच्या मॅडम. नियम असा की उमेदवार आन तिचा पालक दोघांनी समोर बसायचं. साळूबाईला मी हट्टानं आत घेतलं. बाहेर अजून पंधरा-वीस पोरी रांगेत, आन सीटा उरलेल्या तीन.

बड्या मॅडमनं इंग्रजीत काहीतरी इचारलं. चंदनबाई गप्प.

मॅडमनं परत इचारलं. चंदनबाईनं ओढणी अजून खाली ओढली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अरे देवा! मी समोर बसलोय, ती बोलणार कशी?

ती साळूबाईच्या कानाला लागली. साळूबाईनं मान डोलावली, तोंड उघडलं, परत मिटलं. "शेठ," ती रडकुंडीला आली, "त्या इंग्रजी बोलतात हो! मला कसं सांगता येईल?"

हॉस्टेलच्या मॅडम हसल्या. बड्या मॅडम हसल्या न्हाईत. हिंदीत मला म्हणल्या, "शेठजी, ह्या मुलीला जबरदस्तीनं आणलंय का तुम्ही?"

"बिलकुल न्हाई! ती फर्स्ट क्लास हाय!"

"कागदावर. मला तिचा आवाज ऐकायचाय. जी वर्गात तोंड उघडणार न्हाई, तिला सीट देऊन मी दुसरीची वाया घालवू?"

"मी बाहेर जातो," मी उठलो.

"पालक बाहेर गेला तर अर्ज रद्द. नियम हाय." त्यांनी घड्याळ बघितलं. "दोन मिनिटं देते. मंग पुढची."

मला घाम फुटला. बोल की गं बाई, बोल! पण हे मी तिला म्हणणार कसं? चंदनबाईचे हात बघितले. बोटं एकमेकांत एवढी आवळलेली की नखं पांढरी पडलेली. ती रीत मोडणार न्हाई, हे मला कळून चुकलं. सहा वर्षं आम्हीच तिला हे शिकवलं होतं. दोन मिनिटांनी ती उठणार, माझ्यामागं तीन पावलं ठेवून चालणार, आन वाटूरला मागच्या खोलीत जाऊन बसणार, मरेपर्यंत. मॅडमनं टेबलावरच्या घंटीकडं हात नेला.

मी खुर्ची उचलली आन भिंतीकडं तोंड करून बसलो. खांद्यावरचं उपरणं काढलं आन डोक्यावरून घेतलं, पार छातीपर्यंत. सुनेनं सासऱ्यासमोर घ्यावं, तसं. "साळूबाई," मी आतून ओरडलो, "सांग बींदणीला, इथं सासरा न्हाई. इथं कोणीच न्हाई. जल्दी सांग!"

साळूबाईनं सांगितलं. माझ्या नाकाला उपरण्यातला घामाचा वास येत होता. पगडीवाला म्हातारा बुरखा घेऊन बसलाय, पोरी दारातून बघत असतील, बघू द्या.

आन मंग ती बोलली.

आधी इंग्रजीत, अडखळत. मंग सरळ. जरा जाडसर आवाज होता. मला वाटलं होतं, बारीक असंल. मला एक अक्षर कळलं न्हाई, पण डोळ्यांतून पाणी आलं. बजरंगला हा आवाज माहीत होता, मला न्हवता. मॅडम इचारत होत्या, ती सांगत होती. एकदा तर मॅडम हसल्यासुद्धा. मंग शिक्का मारल्याचा धप्प असा आवाज आला. मी म्हणलं, झालं! जिंकलो!

मी उपरणं काढणार, तेवढ्यात हॉस्टेलच्या मॅडमनं हिंदीत इचारलं, "सुट्टीत घरी कोण न्यायला येणार? नाव लिहायचंय."

"कोणी न्हाई," चंदनबाई म्हणली. हिंदीत बोलली, म्हणून मला सगळं कळलं. "मला सुट्टीत इथंच राहू द्या. दिवाळीतबी, उन्हाळ्यातबी."

"का? सासरी त्रास देतात?"

"मारत न्हाईत. पण एकदा उंबऱ्याच्या आत गेले, तर सासूबाई परत बाहेर सोडणार न्हाईत."

"सासरे तर चांगले दिसतात तुमचे."

"बापूजी फार चांगले हायेत," ती म्हणली. "पण घरात त्यांचं चालत न्हाई."

मी उपरण्याखाली बसून राहिलो. मला राग आला, खोटं कशाला सांगू? सणकून आला. असं वाटलं, उठावं आन म्हणावं, कोणाचं चालत न्हाई? हुकमचंदचं? वाटूरला येऊन बघा! पण उठलो न्हाई. दोन वर्षं ती मागच्या खोलीत होती आन मी दुकानात बसलो होतो. ती जे बोलली, त्यात काही खोट न्हवती.

"शेठजी, इकडं या," बड्या मॅडम म्हणल्या. "सुट्टीत मुलगी हॉस्टेलमध्येच राहील, ह्याला पालकाची सही लागते. ऐकलंत ना तुम्ही?"

मी उपरणं काढलं. चंदनबाईची ओढणी परत हनुवटीपर्यंत आल्ती. मी सगळं ऐकलंय, हे तिलाबी ठावं होतं. टाक माझ्या हातात होता. सही न्हाई केली तर दिवाळीला ती घरी येणार, आन दिवाळीनंतर काय होणार, हे तिला जेवढं माहीत होतं, तेवढंच मला. मी सही केली.

निघताना तिनं लांबूनच जमिनीला डोकं टेकलं. मी म्हणलं, "साळूबाई, सांग तिला, पोटभर जेवत जा म्हणावं." साळूबाईनं सांगितलं. "हो म्हणतात," ती म्हणली. बस्स, एवढंच.

वाटूरला आलो. पायातले जोडेबी काढले न्हवते, तोच इचरजबाई दारात. "एकटेच आलात, म्हंजे घेतलं वाटतं तिला. बरं. दिवाळीला कोणाला पाठवायचं आणायला?"

मी रेल्वेत सगळं ठरवून आल्तो. छाती पुढं काढून सांगणार होतो, मी सही केलीय, ती येणार न्हाई, माझा हुकूम हाय. तिच्याकडं बघितलं आन म्हणलं, "सुट्टी न्हाई गं त्यांना. सरकारी नियम हाय. चार वर्षं घरी सोडत न्हाईत."

"असलं कसलं सरकार!" ती कपाळावर हात मारून आत गेली. पटलं तिला. माझा हुकूम म्हणून सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिनं दुकानाच्या मुनिमाला बींदणीला परत आणायला हैदराबादला धाडलं असतं.