भावकीचे अंगठे

आमच्या भावकीत लग्नाला न आलेला माणूस एक वेळ चालतो, पण आहेर परत न करणारा चालत नाही. ही शिस्त फोनमध्ये कधी शिरली ते मला कळलंच नाही.

मी क्रांती, तासगावजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरातली सून. आमच्याकडे बेदाणा होतो आणि दरवर्षी सगळाच्या सगळा सौद्याला जातो. व्यापारी मूठभर उचलतो, नाक मुरडतो, भाव सांगतो, की संपलं. यंदा मी हट्ट धरला की थोडा माल पाकिटं करून आपणच ऑनलाइन विकू. माझे सासरे दादासो, त्यांना मी मामा म्हणते, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांना हट्ट आवडत नाही, पण तयारी केलेला माणूस आवडतो. मी सांगलीला जाऊन ऑनलाइन विक्रीचा वर्ग केला, तेव्हा त्यांनी खताची पोती पडवीत काढून मला खोली मोकळी करून दिली. अट एकच. दसऱ्यापर्यंत बाहेरचं गिऱ्हाईक लागलं नाही, तर माल सौद्याला आणि खत परत खोलीत.

त्या खोलीचं दार मी स्वतः रंगवलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझी अशी तेवढीच जागा. ती गेली असती तर मी कुणाला काही बोलले नसते, पण मनातून पार मोडले असते.

मी पेज सुरू केलं आणि मोहीम मामांनी हातात घेतली. पारावर, सोसायटीत, तालमीत, जातील तिथे एकच हुकूम, सूनबाईच्या पेजवर अंगठा दाबा. गावानं दाबले. जाहिरात टाकली की फोन थरथरायला लागायचा. ‘दादांचा नाद करायचा न्हाई.’ ‘अभिनंदन वहिनीसाहेब.’ हार, फटाके, जोडलेले हात. एकानं तर वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, माझा वाढदिवस नसताना. शिवाय हे सगळे अंगठे म्हणजे आहेरच, परत करावे लागायचे. कुणाचं बारसं, कुणाचा नवा ट्रॅक्टर, कुणाच्या म्हशीचं रेडकू, मी बसून सगळ्यांना अंगठे देत होते.

ऑर्डर मात्र एकही नाही. येणार कशी? आमच्या गावात बेदाणा विकत घेणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. इथे निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत तो जबरदस्तीनं कोंबतात.

शेवटी मी वर्गाच्या स्वप्नाली मॅडमना फोन केला. त्या आधी हसल्या, मग समजावून सांगितलं. जाहिरात कुणाला दाखवायची हे कॉम्प्युटर अंगठे बघून ठरवतो. माझे सगळे अंगठे एकाच गावचे, म्हणून त्यानं धरलं की बेदाण्याचे शौकीन इथेच राहतात, आणि जाहिरात आमच्याच आळीत फिरवत बसला. हे पेज बंद करा, त्या म्हणाल्या, आणि दुसरं काढा, गावाला पत्ता लागू न देता. सासऱ्यांनाही ब्लॉक करा, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

त्यांचं काय जातं सांगायला. मामांचा जीव त्या पेजवर का अडकलाय हे मला माहीत होतं. त्यांचे चुलतभाऊ गुंडातात्या आमच्या शेजारीच राहतात. बांधावरून दोघांचं बोलणं तुटलं, ते माझ्या लग्नाच्याही आधीपासून. पण पेजवर पहिल्याच दिवशी तात्यांचा अंगठा आला होता. मामा जेवून उठले की चष्मा लावून तेवढं एक नाव शोधून बघायचे. पेज बंद झालं की ते नाव जाणार, आणि तात्या समजणार की दादानं मुद्दाम काढलं.

दसरा तोंडावर आला तशी मी जेवायला वाढतानाच विषय काढला.

“मामा, आपल्या मानसांच्या अंगठ्यांमुळंच जाहिरात गावाबाहेर जाईना.”

“म्हंजी माझी मानसं तुला आडवी आली?”

“व्हय,” मी म्हणाले. मला रागही आला होता आणि रडूही येत होतं. “ती माझी बी मानसं हायत. पर ती गिऱ्हाईक न्हाईत.”

मग मॅडमनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ताट अर्धंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते धुतलेली टोपी घालून बाहेर पडले. खोलीच्या खिडकीतून मला दिसलं, ते सरळ बांध ओलांडून तात्यांच्या दारात गेले. बऱ्याच वेळानं परत आले आणि आपला फोन माझ्यापुढे धरला.

“बंद कर ते पेज. मला बी काढ. गुंडाला सांगून आलोय.”

“काय म्हनले तात्या?”

“म्हनला, अंगठा जाऊ दे. च्या प्यायला यीन.”

नवं पेज निघालं. फोन एकदम गप्प झाला. मामा नुसते खोलीवरून फेऱ्या मारायचे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पहिली ऑर्डर आली, चंद्रपूरच्या एका बाईंची. मामा आणि तात्या खोलीच्या पायरीवरच चहा घेत बसले होते. मी नाव वाचून दाखवलं.

“कोन ही? पावनी हाय?” मामांनी विचारलं.

“न्हाई.”

“माझ्या पलटनीतल्या कुनाची?”

“न्हाई मामा. आपल्या वळखीतली कुनीच न्हाई.”

मामा विचारात पडले. “मग घेतलं कशापायी?”

तात्यांनी बशीतला चहा संपवला. “बेदाणं खायाचं असतील, दादा.”

दसऱ्याला पडवी मोकळी झाली. खताची पोती तात्यांच्या गोठ्यात गेली होती.