गोड बोला, काकू

गोपिकाबाईनं गल्लीतल्या बायांना आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, "संक्रांतीचं हळदीकुंकू हाय, ठेवणीतलं काळं नेसा. नागपूरच्या बायांपुढं आपली गल्ली भिकारी दिसाले नको." चिंचघाट गावात तिचा शब्द कोणी मोडत नसे. मोडला तर ती सात पिढ्या उद्धरत असे.

हळदीकुंकू मंत्रीसाहेबांचं होतं, नागपूरच्या मैदानावर. निवडणूक तोंडावर आली की साहेबांना बहिणी आठवतात, भाऊबीजेला नाही आठवत. त्यांचा माणूस कृष्णकांत आठवडाभर दारात घिरट्या घालत होता. "काकू, गाडीभर बाया तुमच्या शब्दावर येतील. अन् दवाखान्याचं तुम्हीच सांगा साहेबाले, माइकवर. काम झालंच समजा."

या एकाच गोष्टीसाठी गोपिकाबाई तयार झाली. गावच्या दवाखान्याला इमारत होती, कुलूप होतं, डॉक्टर नव्हता. तिची सून मयुरा पुऱ्या दिवसांची होती. गेल्या पावसाळ्यात शेजारची सोनिका खापा गावाच्या पुढं, नागपूरच्या वाटेवर ऑटोतच बाळंत झाली. बाळ हाती लागलं नाही. तेव्हापासून मयुरा झोपेतून दचकून उठे.

मैदानाच्या फाटकावर बिल्लेवाल्या पोरांनी बायांना अडवलं. "काळं अंदर नाही जाणार. मंत्रीसाहेब येऊन राहिले. कोणी काळे झेंडे दाखवते."

"अरे मुडद्या, संक्रांतीले काळं नाही नेसू तर काय नेसू? हळदीकुंकवाले बोलावलं कोणं?"

कृष्णकांत धावत आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. संक्रांत साहेबांनीच ठेवली, काळ्यावर बंदी साहेबांनीच घातली, आणि मैदानभर एकाही पुरुषाच्या टाळक्यात उजेड पडला नव्हता. शेवटी पक्षाच्या पिवळ्या शाली आल्या. "गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळा, काकू. काठसुद्धा दिसू देऊ नका." ओल्या फडक्यात गुंडाळून मांडलेल्या माठांसारख्या बाया खुर्च्यांवर बसल्या.

सोनिका म्हणाली, "मावशी, कशा दिसून राहिलो वं आपण! हळद लागली अन् नवरा पळाला."

बाया खिदळल्या. पाचवा महिना लागलेली वैभवी तेवढी हसली नाही. तिला शालीत गुदमरत होतं.

ऊन डोक्यावर आल्यावर साहेब आले. कृष्णकांतनं गोपिकाबाईला मंचाच्या पायरीशी नेऊन उभं केलं. साहेबांनी तिच्याकडं न बघताच त्याला विचारलं, "हे कुठलं?"

"चिंचघाट, साहेब."

"मतं किती?"

"थोडीच हायेत."

"मग लवकर आटप."

ती हातभर अंतरावर उभी होती. गोठ्यातल्या म्हशीपुढंही माणसं जपून बोलतात, हा तेवढंही जपला नाही. तरी तिनं गिळलं. सुनेसाठी गिळलं. माइक हातात आला तसं तिनं सरळ सुरू केलं, "साहेब, गावात डॉक्टर नाही. माही सून—"

पुढचा शब्द निघायच्या आत साहेबांनी तिळगुळाच्या ताटातला लाडू उचलून तिच्या तोंडात कोंबला. "गोड गोड बोला, काकू! आज संक्रांत हाय!"

मैदान हसलं. कॅमेरे चमकले. कृष्णकांतनं माइक कधी काढून घेतला, तिला कळलंही नाही.

तोंडात घातलेला तिळगूळ थुंकायचा नसतो. वैऱ्यानं दिला तरी खायचा, असं तिची माय सांगायची. गोपिकाबाई तोंड भरून उभी राहिली. साहेबांचा हात तिच्या खांद्यावर होता, दात कॅमेऱ्याकडं होते. तिला खांद्यावर काहीतरी घासल्यासारखं वाटलं. तिनं मान वळवून पाहिलं. बोटांना लागलेला चिकटा साहेब तिच्या शालीला पुसत होते.

तिनं लाडू तळहातावर काढला आणि साहेबांच्या मुठीत दाबून दिला. "तुमचा तुम्ही खा. मले डॉक्टर पाहिजे होता." शाल तिथंच सोडून ती पायऱ्या उतरली. तिच्या गल्लीतल्या बाया उठल्या, शाली खुर्च्यांवर पडल्या, आणि बिल्लेवाले ओरडत धावले, "काळं! काळं आलं समोर!"

रस्त्यावर गाडीवाल्यानं हात वर केले. सभा संपेस्तोवर गाडी हलवायची नाही, असा त्याला हुकूम होता.

वैभवी फुटपाथवर बसली. "गिळून घेतला असता मावशी, तर काय बिघडलं असतं? डॉक्टर तर गेलाच."

"तो येणारच नव्हता, पोरी. त्यानं आपली मतं मोजली अन् आपल्याले सोडून दिलं. ह्या कानानं ऐकलं मी."

गोपिकाबाईनं नळावर चूळ भरली. गूळ गेला, तोंडातली किळस गेली नाही. मग तिनं घरी फोन लावला. "मयुरा, कपडे भर. सासऱ्याले म्हण, आजच तुले नागपूरले, महालात माह्या बहिणीकडं आणून सोडा. बाळंतपण नागपुरातच होईन."

वैभवीचा हात पोटावर गेला. "तुमची बहीण महालात हाय, मावशी. माहं कोण हाय इथं?"

मैदानावरच्या भोंग्यातून साहेब बहिणींच्या आरोग्याबद्दल बोलत होते. गोपिकाबाईनं वैभवीकडं पाहिलं आणि फोन पुन्हा कानाशी नेला.

"थांब वं, ठेवू नको. माह्या बहिणीले सांग, उन्हाळ्यात आणखी एक बाळंतीण येईन."