फक्त वाद्यांचा कार्यक्रम

पुष्पलताबाई जिना उतरून येण्याआधी रुपरावांनी हॉटेलच्या काउंटरवरचं एक पत्रक उलटं करून ठेवलं. त्यावर पियानोशेजारी उभ्या असलेल्या गायिकेचा फोटो होता. उरलेली दोन त्यांनी समोर ओढली. एक मोठ्या वाद्यवृंदाचं, दुसरं चौघांच्या तंतुवाद्यांचं.

व्हिएन्नातली ही त्यांची शेवटची संध्याकाळ. घशाच्या डॉक्टरांनी सकाळीच पुष्पलताबाईंना तपासून निकाल दिला होता. धोका टळला आहे, बोलणं हळूहळू सुधारेल. गाणं मात्र आता नाही. नागपूरच्या डॉक्टरांनीही शस्त्रक्रियेनंतर हेच सांगितलं होतं, पण रुपरावांचा विश्वास बसला नव्हता. गांधीबागेतलं कापडाचं दुकान भावावर सोपवून, परदेशी जाण्याच्या परवानग्यांसाठी मुंबईच्या खेपा घालून त्यांनी बायकोला इथवर आणलं होतं.

निकाल ऐकून पुष्पलताबाईंनी हात जोडले आणि बाहेर आल्यावर त्या कुजबुजल्यासारखं म्हणाल्या, "आलोच आहोत, तर इथलं संगीत ऐकून जाऊ."

तेव्हापासून रुपराव एका जागी बसले नव्हते. खिडकीशी जात, परत येत, काउंटरवरच्या बाईला पुन्हा पुन्हा एकच विचारत. कार्यक्रमात गाणं नाही ना?

"हा पाहा," त्यांनी वाद्यवृंदाचं पत्रक पुढे केलं. "केवढा मोठा हॉल आहे. घरी सांगता येईल."

"अन् हे?" पुष्पलताबाईंचं बोट उलट्या पत्रकावर होतं.

"ते काही नाही."

बाईंनी ते सरळ केलं. फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"इथं जाऊ."

"काहून त्रास करून घेऊन राहिली वं? एक शब्द समजणार नाही आपल्याले."

"सूर तर समजतील."

हॉल छोटाच होता. गायिका साठीच्या घरातली, अंगाने भरलेली. रुपराव गाण्याकडे नव्हे, बायकोकडे पाहत होते. तिचे डोळे भरले की लगेच उठायचं, असं ठरवून ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. पण नागपुरात, महाल भागातल्या घरी प्रेमिला आणि इतर मुली गाणं शिकायला बसल्या की बाईंची मान जशी किंचित कलायची, तशीच आताही कललेली होती. चेहरा शांत.

मग एक संथ गाणं सुरू झालं. पियानो मध्येच थांबला आणि आवाज एकटाच पुढे गेला.

रुपरावांचा पाय हलू लागला. घरी रोज सकाळी पुष्पलताबाईंचा रियाज संपेपर्यंत ते आतल्या खोलीत उगाच कोटाची बटणं लावत बसत. दुकान उशिरा उघडे. चहा उशिरा झाला, असं ते भावाला सांगत. बायकोलाही त्यांनी कधी खरं कारण सांगितलं नव्हतं.

हातातला कार्यक्रमाचा कागद चुरगळून गेला होता. ते उठले, लोकांच्या गुडघ्यांना घासत बाहेर पडले.

मध्यंतरात पुष्पलताबाई आल्या, तेव्हा ते टांगलेल्या कोटांसमोर पाठमोरे उभे होते.

"काय झालं?"

"आत खूप गरम होऊन राहिलं होतं."

त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"म्हणून तुम्ही त्या वाद्यांच्या मागे लागले होते."

"तुह्यासाठीच पाहत होतो मी."

"हो."

त्या कोणाकडून तरी पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. रुपरावांनी एक घोट घेतला आणि ग्लास हातातच धरून ठेवला.

"ते संथ गाणं होतं ना," त्या म्हणाल्या, "त्यात शेवटपर्यंत श्वास कसा राखला त्या बाईनं. प्रेमिला तिथंच कमी पडते. तिले दाखवायचं आहे."

"तू कसं दाखवशील?"

पुष्पलताबाईंनी त्यांच्या हातातला ग्लास काढून बाजूला ठेवला. मग मागे जाऊन तळवा त्यांच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली टेकवला.

"असं. घ्या श्वास."

"इथं? लोक पाहून राहिले."

"घ्या."

त्यांनी घेतला.

"अजून. खालून. माझा हात हलला पाहिजे."

घंटा वाजली. लोक बोलत बोलत आत जाऊ लागले. रुपराव छाती भरून, ओठ घट्ट मिटून उभे होते. पाठीवरचा हात तसाच होता.

"आता सोडा," पुष्पलताबाई म्हणाल्या.