शेवटच्या तारखेचा प्रवेश

आमच्या ह्यांनी आयुष्यभर औषधांच्या गोदामात मुदतीच्या तारखा तपासल्या. सीलबंद बाटली टिकते, फोडली की दिवस सुरू होतात, हे त्यांचं ब्रह्मज्ञान. घरात जुना टॉवेल फाटून चाळणी झाल्याशिवाय नवा बाहेर येत नाही. अशा माणसाच्या हाती व्हिसा पडला, मग काय विचारता!

व्हिसा खरं तर माझा. निवृत्त माणसांना परदेशी राहायला देतात तो. पेन्शन माझी, हॉस्पिटलात नर्स होते त्याची. ह्यांचं नाव खाली, ‘अर्जदारावर अवलंबून’ म्हणून. ते दोन शब्द वाचल्यापासून सगळे कागद ह्यांच्या कपाटात गेले आणि किल्ली ह्यांच्या खिशात.

मला जायचं होतं ते ताईसाठी. माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून तिकडे एकटीच, आणि नजर दिवसेंदिवस अधू होत चाललेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. “दिसतंय तोवर ये गं,” एवढंच ती म्हणाली होती.

“लगेच निघू या,” मी म्हटलं.

“वेड लागलंय का? वर्षभरात कधीही प्रवेश करा, असं लिहिलंय त्यावर. आणि राहायची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून सुरू. मग आत्ताच कशाला फोडायचा? शेवटच्या दिवशी जाऊ. अख्खं वर्ष फुकट!”

फुकट म्हणजे काय, तर ते वर्ष आम्ही इथंच, भरलेल्या बॅगांना ठेचकाळत काढायचं. पण हिशेब बिनतोड. आजूबाजूचे निवृत्त लोक ह्यांच्याकडे सल्ला घ्यायला येऊ लागले. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात. इथं गीता वाचणारा कोण आणि गाढव कोण, तेवढंच मी विचारत नव्हते. निरोप घेऊन झाले, भेटवस्तू घेऊन झाल्या, आणि आम्ही आपले जागच्या जागी. पुढे पुढे लोक मला जिन्यात पाहून नजर चुकवू लागले.

ताईनं फोनवर चेहरा दाखवणं बंद केलं. “कॅमेरा बिघडलाय गं,” म्हणायची. मी भांडले, रडले. ह्यांनी कॅलेंडर दाखवलं.

शेवटी व्हिसा संपायच्या दिवसाची तिकिटं काढायला आम्ही प्रवास कंपनीत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन पाहिला, व्हिसा पाहिला, मग ह्यांच्याकडे पाहिलं.

“काका, विमान त्या दिवशी निघतं. पोचतं दुसऱ्या दिवशी.”

“निघतो तर मुदतीतच ना?”

“शिक्का उतरल्यावर मारतात.”

गोदामातून माल मुदतीत बाहेर पडला की ह्यांची जबाबदारी संपायची. पुढे पोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते बघणारे वेगळे. ह्यांनी बायकोलाही त्याच हिशेबात धरलं होतं.

आदल्या दिवशीच्या विमानात एकच जागा होती. मुख्य अर्जदार पुढे गेल्या तर चालेल, काकांना मागाहून अर्ज करता येईल, असं मुलीनं सांगितलं.

“नको,” हे म्हणाले. “नव्यानं दोघांचा अर्ज करू. आणखी एक वर्ष मिळेल!”

मी पर्समधून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांना न विचारता केलेली ती पहिली खरेदी.

शिक्का वेळेत बसला. बाहेर ताई शेजारणीच्या दंडाला धरून उभी होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन थांबले, हसले. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, येणाऱ्या पावलांकडे कान लावून होती.

“ताई,” मी म्हटलं.

तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला. “वाळलीस गं.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. तुला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही.”

मला तिथंच हमसून रडू आलं. तेवढ्यात फोन वाजला.

“झाला ना प्रवेश?” हे विचारत होते. “वाचलं की नाही वर्ष?”

“वाचलं,” मी म्हटलं. “ते तुम्हालाच ठेवा.”