चिमट्यानं उरकलेली घरखरेदी

मी एक चिमटा आहे. त्या दिवशी शिरूरला दयाबाईंच्या चुलीपाशी मी नेहमीसारखी भाकरी निखाऱ्याला लावत होतो. शेजारचे हरिबा कुंपणाशी येऊन थांबले. एरवी ते सरळ चहाला आत येत. आज आले नाहीत, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"बाई, वडगावात फ्लू आलाय. सर्जेरावांची बायकू सोजराबाई तापानं पडलीया."

सत्तावन्न सालचा तो ताप गावोगाव फिरत होता. दयाबाई ऐकत राहिल्या आणि भाकरी करपली. दोष मला मिळाला नाही, एवढंच.

माझा जन्म दौंडचा. रेल्वेत फिटर असलेल्या एलियांनी टाकाऊ पट्टी वाकवून मला घडवलं आणि नव्या संसारात बायकोच्या, म्हणजे दयाबाईंच्या, हाती दिलं. माझा एक पाय किंचित लांब आहे. दयाबाई म्हणायच्या, "इंजिनं बरी धावतात हो तुमच्या हातची." नोकरी संपल्यावर दोघांनी शिरूरला घर बांधलं. मागच्या नाताळानंतर एलिया गेले. तेव्हापासून मी रोज एकच भाकरी भाजू लागलो.

दौंडला लेक हन्नाचे दिवस भरत आले होते. घर विकून दयाबाई तिच्याकडेच राहायला जाणार होत्या. घेणारे वडगाव रासाईचे सर्जेराव. पोरांच्या शाळेसाठी त्यांना शिरूरला घर हवं होतं. खरेदीखत परवावर आलं होतं. ते पुढं ढकलावं, तर बाळंतपण सोडून परत यावं लागणार. ठरल्या दिवशी करावं, तर ताप हन्नाच्या घरी न्यायची भीती.

बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी सगळीकडं निरोप धाडला. कचेरीच्या अंगणात, लिंबाखाली, लांब लांब बसायचं. कुणी कुणाला शिवायचं नाही. कागद चिमट्यानं द्यायचे आणि दर फेरीनंतर चिमटा उकळत्या पाण्यात बुडवायचा.

असा मी सरकारी कामाला लागलो. रजिस्ट्रारसाहेब नाकाला रुमाल बांधून बसले होते. मी त्यांच्याकडून खरेदीखत आणलं, बाईंनी सही केली, मी ते परत पोचवलं आणि शेगडीवरच्या पातेल्यात बुडी मारली. मग तसाच ओला, तोच कागद सर्जेरावांकडं न्यायला उचलला.

"बाई, कागद भिजतोय," साहेब म्हणाले.

"वाळेल, साहेब."

मग सर्जेरावांची पाळी आली. ते अंगठा उठवेनात. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी हातावर टाकला आणि हात पुढं केला. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली बोटं दाबून होतो.

"सर्जेराव, भाव तर कधीच ठरलाय."

"ठरलाय की. पर बोटं दाबल्याबिगर म्या शेळीबी घेतली न्हाई. हे तर घर हाय."

"तुमच्या घरात ताप आहे."

"म्हणूनच टावेल टाकलाय न्हवं."

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. दौंडची एस.टी. सुटायला थोडाच वेळ उरला होता. दयाबाईंनी मला पातेल्यातून उचललं आणि टॉवेलाखाली सरकवलं. चार बोटं माझ्या दोन पायांत सापडली. बाईंनी दाबलं.

मी नुकताच उकळत्या पाण्यातून निघालोय, हे गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. सर्जेरावांच्या मिशा थरथरल्या. पण सौदा चालू असताना चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं.

"पटला सौदा, बाई," ते बारीक आवाजात म्हणाले. "आता सोडा."

नशीब, अंगठा टॉवेलाबाहेर होता. तो कागदावर उठला.

शेवटी बाईंनी किल्ली माझ्यात धरून पुढं केली. सर्जेरावांनी किल्लीसकट मलाच ओढून घेतलं.

"चिमटा घरासंगट आला म्हणायचा."

बाईंचा हात पुढं आला आणि थांबला. सर्जेरावांच्या हाती लागलेला मी पुन्हा उकळल्याशिवाय परत घेता येत नव्हतो, आणि एस.टी. सुटायला आली होती.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "सोजराबाईंना भाकरीला होईल."

त्यांच्याबरोबर ताप दौंडला गेला नाही. हन्नाला मुलगी झाली, असं पुढं हरिबांनी सांगितलं. सोजराबाईही बऱ्या झाल्या. हल्ली त्या माझ्याकडून एका बैठकीला ढीगभर भाकरी भाजून घेतात. लोकहो, साथीच्या दिवसांत घर जरूर घ्या, पण चिमटा आधी निवू द्या.

कचेरीतून परत येऊन चुलीपुढं एक प्रार्थना म्हणायची आणि मग घर सोडायचं, असं दयाबाईंनी ठरवलं होतं. पण किल्ली सर्जेरावांकडं गेली होती आणि एस.टी. उभी होती. ती प्रार्थना राहिली.