झिंब्रूचं कडियाळं

झिंब्रूच्या पाठीवर पहिलं खोगीर लुदोविनाने ठेवलं होतं. तोंडात लगामाचं पहिलं कडियाळंही तिनेच दिलं होतं, लोखंडाला मध लावून. गोलेगाच्या नोव्हेंबरच्या घोड्यांच्या जत्रेत त्याच्यावर आपणच बसणार, हे ती धरूनच चालली होती. मग जर्मनीत शिकून इझावरा पागेत रुजू झाली, आणि मालकीणबाई दोना बेनेदिता म्हणाल्या, "शनिवारी दोघींना बघते. जिच्या हाती घोडा शोभेल, ती जत्रेला जाईल."

इझावराने आल्या आल्या घोड्याचं तोंड उघडलं.

"ताई, जीभ बघितलीस याची? केवढी मांसल आहे. टाळूही खाली उतरलीय. हे जाड कडियाळं मावायचं कुठे?"

"या पागेत कोवळ्या घोड्याला जाडच देतात," लुदोविना म्हणाली. "जाड ते मऊ. बारीक लोखंड रुततं. जर्मनीत शिकवत नाहीत वाटतं?"

"जर्मनीत आधी तोंड उघडून बघायला शिकवतात."

म्हातारा मोतद्दार फाउस्तिनु फिस्सकन हसला. लुदोविनाने त्याला शेण उचलायला पाठवलं.

गुरुवारी इझावरा स्वतःचं बारीक, किंचित कमानदार कडियाळं घालून झिंब्रूवर बसली. लुदोविना कुंपणाशी उभी राहिली. ती स्वतः बसायची तेव्हा झिंब्रू लगामातून तिच्या हातांवर डोक्याचा सगळा भार टाकायचा. संध्याकाळी दंड दुखायचे, आणि ते दुखणं तिला आवडायचं. "पोरगं दुसऱ्या कुणाकडे असं विसावत नाही," असं ती अभिमानाने सांगायची. आता इझावराच्या हातात लगामाच्या वाद्या सैल होत्या. झिंब्रूचं तोंड मिटलेलं होतं, ओठांवर समाधानाचा पांढरा फेस होता, मागचे पाय पोटाखाली घेत तो दुडक्या चालीने वळत होता. त्याला कुणाच्या आधाराची गरज दिसत नव्हती. तो अडखळावा, असं लुदोविनाला मनापासून वाटलं. तो अडखळला नाही.

इझावरा गेल्यावर तिने त्याचा ओठ उचलून पाहिलं. जिभेवर आडवा निळसर वळ होता, अगदी जाड कडियाळं टेकायचं तिथेच. तिने ओठ खाली सोडला. कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी दोना बेनेदितांनी बारीक कडियाळं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तार घालतेस कोवळ्या तोंडात? माझ्या वडिलांनी हे चालवून घेतलं नसतं. जाड चढवा."

इझावराने लुदोविनाकडे पाहिलं. या बाबतीत बाई लुदोविनाचंच ऐकायच्या. लुदोविना जाड कडियाळं घेऊन आली.

आधी इझावरा बसली. तिचा हात हलका. रेलायला काही न मिळाल्यावर झिंब्रूने मान झटकली, जीभ लोखंडावरून काढली आणि ती ओठाच्या कडेने लोंबू लागली.

"उतर, पोरी. शोभा झाली. लुदोविना, तू बस."

लुदोविना बसली. पहिल्याच फेरीत तो ओळखीचा भार तिच्या हातात आला. दोना बेनेदितांनी मान डोलावली. पण वळ पाहिल्यापासून त्या भाराचा अर्थ तिला ठाऊक होता. तो विसावत नव्हता. जिभेला जागा करण्यासाठी लोखंड पुढे रेटत होता. रिंगणाच्या मध्यावर तिने त्याला थांबवलं.

"बाई, याला बारीकच लागतं. जाडाखाली जीभ चेमटते. गुरुवारी वळ पाहिला मी."

"गुरुवारी? मग इतका वेळ तोंडात काय धरून बसली होतीस?"

उतरून लुदोविनाने स्वतः कडियाळं बदललं आणि पुन्हा बसली.

झिंब्रू हलका झाला, आणि तिच्या हातांना काही सापडेना. नेहमीचा भार शोधत कोपरं आपोआप मागे यायची. तो थांबायचा, एक कान मागे करून वाट बघायचा. ती चालवायची, तो पुन्हा थांबायचा.

"हात सोड, ताई. तो पडत नाहीये," इझावरा कुंपणावरून म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

लुदोविना उतरली. "जत्रेला हिलाच जाऊ द्या," बाई काही बोलायच्या आत ती म्हणाली. वाद्या पुढे केल्या, पण बोटं उघडायला जरा वेळ लागला.

इझावरा वर चढली. "ताई, हे उपकार मी—"

"उपकार राहू देत. कोपरं आत घे. बदकासारखी दिसतेस."

इझावरा हसली, कोपरं आत घेतली. झिंब्रू दुडक्या चालीने निघाला. लुदोविना रिंगणाच्या मध्यावर उभी राहून बघत होती, एखाद्या वळणावर तरी तो आपल्याकडे मान वळवतो का. त्याने वळवली नाही.